आधारनानाची पुढची सीट

सोनगीर फाट्यावर धुळ्याला जाणाऱ्या गाड्या लागतात, तिथे पुढच्या सीटवरून रोज कुरबूर ठरलेली असते. पुढची सीट म्हणजे मान. ग्रामपंचायतीचा सदस्य असो की सोसायटीचा चेअरमन, कडक इस्त्रीचा सदरा अंगात असलेला प्रत्येक माणूस आधी ड्रायव्हरशेजारचा दरवाजा उघडून बघतो. फक्त आधार बैसाणेच्या बारा सीटर गाडीपाशी ही कुरबूर होत नसे, कारण तिथली पुढची सीट कुणाची हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. ती पोटुशी बाईची. ती नसेल तर मग चेअरमननं खुशाल बसावं, पण वाटेत नगावला एखादी अवघडलेली बाई हात दाखवताना दिसली की चेअरमनला निमूट मागे जावं लागायचं. एकदा चेअरमननं यावरून आवाज चढवून पाहिला होता. आधारनं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तो गप्प बसून राहिला. शेवटी गाडीतल्या बायकांनीच चेअरमनला उठवलं. पुढे त्याच चेअरमनची लेक बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिला तपासणीला न्यायला तो आधारच्याच गाडीची वाट बघत फाट्यावर उभा असायचा.

ही रीत आधारनं कुठे शिकलेली नव्हती. तो दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर होता, तेव्हा त्याची बायको झुंबरबाई पहिलटकरीण होती आणि तिला एकदा मागच्या बाकड्यावर बसवून धुळ्याला न्यावं लागलं होतं. पुढे मालकाचे पाहुणे बसलेले. रस्ता उकरून ठेवलेला, मागची चाकं खड्ड्यात आपटली की झुंबरबाई लोखंडी दांडा धरून वर उडायची. तिनं तोंडातून शब्द काढला नाही, पण दवाखान्यात पोचेपर्यंत तिच्या कळा सुरू झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी आधारला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. पोर वाचली, ती शिल्पा. आधारनं शपथ वगैरे काही घेतली नाही. पुढे स्वतःची गाडी आली आणि पहिल्या दिवसापासून पुढची सीट त्यानं अशा बायकांसाठी ठेवली, एवढंच. मागे हादरे बसतात, पुढे बसत नाहीत, हे ज्ञान त्याला महागात मिळालं होतं आणि ते तो फुकट वाटत होता.

नुसती सीट देऊन तो थांबला नाही. या जुन्या गाडीचं इंजिन नाकात नाही, केबिनमध्येच आहे, ड्रायव्हर आणि पुढची सीट यांच्या मधोमध, एका लोखंडी झाकणाखाली. त्या झाकणाला सगळे ड्रायव्हर बोनट म्हणतात. ते तापतं, हात लागला तर चटका बसतो. म्हणून झुंबरबाईनं जुन्या लुगड्यांची एक जाडजूड गोधडी शिवून दिली. आधार ती बोनटवर अंथरायचा आणि सरकू नये म्हणून तिच्या कडा झाकणाखाली दाबून वरून खटके लावायचा. बायका तिच्यावर हात टेकवून आरामात बसायच्या. थंडीत तर ती ऊब सोडून खाली उतरायला कुणाला नको वाटायचं. हायवेवर खडीचे डंपर आणि दक्षिणेकडे जाणारे ट्रक यांची रांग तुटत नाही. पोटातल्या जिवाला धूळ नको, म्हणून पुढे बाई बसली की आधार दोन्हीकडच्या काचा वर चढवायचा आणि बाहेरची हवा येणारी जाळीही बंद करायचा. फाट्यावरचे बाकीचे ड्रायव्हर त्याची टिंगल करायचे. त्यांच्यात वयानं मोठा असलेला रतिलाल तर म्हणायचा की आधारच्या गाडीत बसायला पुढच्या जन्मी बाई व्हावं लागेल. टिंगल चालायची, पण गावात आधारला जी किंमत होती ती या सीटमुळेच होती, हे त्यालाही कळत होतं आणि त्याला ते आवडायचंही.

बऱ्याच बायकांना धुळं येईपर्यंत मळमळायचं. नगावबारीच्या चढावर एखादी तोंडाला पदर लावायची. आधारनं त्याचीही सोय करून ठेवली होती. डॅशबोर्डच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशव्या, कापलेलं लिंबू, आवळासुपारीची डबी. अशा अवस्थेत उलटी व्हायचीच, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. त्याच बाया मागच्या सीटवर बसल्या असत्या तर त्यांना मळमळलं असतं का, हा प्रश्न पडायला त्यांना कधी मागे बसवलंच नव्हतं.

आधारचं स्वतःचं डोकं दुखायचं. सकाळी गाडीत बसताना माणूस ताजातवाना, तिसऱ्या-चौथ्या फेरीला भुवयांच्या वर काहीतरी दाबून बसायचं. डोळे चुरचुरायचे. दुपारी रुमालानं नाक पुसलं की रुमाल काळा. त्यानं आधी उन्हाला दोष दिला, मग चष्मा करून घेतला, मग बाम बदलला. गाडी पासिंगला किंवा गॅरेजला असली की त्या दिवशी डोकं दुखत नसे. त्याचा अर्थ त्यानं असा लावला की आराम मिळाला म्हणून बरं वाटतंय. ड्रायव्हरांची डोकी दुखतातच. फाट्यावर ज्याचं दुखत नाही असा एकही जण नव्हता, त्यामुळे त्याला दुखणं असं कुणी म्हणतच नव्हतं.

अशात फाट्यावर सुलक्षणा पाटील आल्या. धुळ्यातल्या एका कॉलेजात त्या शिकवायच्या आणि रोज गाडी चालवणारी माणसं दिवसभरात कसली हवा छातीत घेतात याचा अभ्यास करत होत्या. तंबाखूच्या डबीएवढं एक यंत्र छातीवर अडकवून चार-पाच दिवस गाडी चालवायची, बाकी काही करायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. ड्रायव्हर लोकांना दुसराच वास आला. रतिलालनं तर जाहीर केलं की हे आरटीओचं काम आहे, आज यंत्र लावतील आणि उद्या गाडी भंगारात काढतील. बाई उन्हात एका गाडीकडून दुसऱ्या गाडीकडे जात राहिल्या आणि प्रत्येक जण मान हलवत राहिला. आधारला ते बघवेना. त्यानं हाक मारून यंत्र लावून घेतलं. सुलक्षणाताईंनी एक यंत्र त्याच्या छातीवर अडकवलं आणि तसंच दुसरं शेवटच्या सीटच्या दांड्याला बांधलं. दुसरं कशाला, हे त्यानं विचारलं नाही.

आठवड्यानं त्या परत आल्या, तेव्हा आधार चहाच्या टपरीवर होता. त्यांनी मोबाइलवर दोन रेघा दाखवल्या. लाल रेघ पुढची, हिरवी मागची. लाल रेघ इतकी वर गेली होती की हिरवी तिच्या पायाशी लोळत होती. त्यांनी नीट समजावून सांगितलं. पुढच्या ट्रकचा धूर काच लावली म्हणून थांबत नाही, तो फटीफटीतून आत येतो आणि काच लावलेली असली तर मग आतच कोंडून राहतो. तुमच्या गाडीत त्यात भर म्हणजे तुमच्याच इंजिनचा धूर आत झिरपतोय. ट्रकच्या मागे चिकटू नका, रस्ता मोकळा असला की काचा उघडा, बोनटचं रबर बघून घ्या. डोकं दुखतं का, असं त्यांनी विचारलं आणि आधारनं हो म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली.

आधारचं लक्ष डोक्याकडे नव्हतंच. तो लाल रेघेकडे बघत होता. त्यानं विचारलं की ही रेघ नुसती ड्रायव्हरची, की शेजारी बसतो त्याचीही. शेजारच्याचीही, त्या म्हणाल्या, बोनट दोघांच्या मध्येच आहे ना. मग त्यानं दुसरा प्रश्न विचारला. पोटुशी बाई तिथे बसली तर?

सुलक्षणाताईंनी मोबाइल खाली ठेवला. फाट्यावर त्या दोन-तीनदा येऊन गेल्या होत्या आणि त्या सीटची रीत त्यांच्याही कानावर आली होती.

"चांगलं नाही, नाना," त्या म्हणाल्या. "आईलाही आणि पोटातल्या बाळालाही. पण कुणाला त्यानं नेमकं काय झालं, हे मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

आधारनं चहा अर्धा टाकला आणि गाडी थेट छगन मिस्तरीकडे नेली. छगनचं गॅरेज धुळ्यात देवपूरला, आणि ही गाडी त्याच्या हाताखालून अनेकदा गेलेली. पण बोनट उघडायच्या आधी आधार दर वेळी गोधडी स्वतः काढून ठेवायचा आणि काम झालं की स्वतः अंथरायचा, त्यामुळे छगननं ती दाबून लावलेली कधी पाहिली नव्हती. या वेळी आधार बाजूला उभा राहिला. छगननं खटके सोडले, गोधडीची कड उचलली आणि तो तिथल्या तिथे हसला. झाकण चहूबाजूंनी रबरावर घट्ट बसायला हवं, तिथे गोधडीच्या चार पदरी कडा मध्ये घातलेल्या. खटके लागत होते, पण झाकण बसत नव्हतं. रबरही करपून गेलं होतं. छगननं गोधडी उलटी करून दाखवली. वरून ती लुगड्यांच्या रंगांची होती आणि खालून काजळीनं काळीकुट्ट; आधार आजवर ते काळं तेल-वंगणाचं समजत आला होता. बायका ज्या कडेला हात टेकवून बसायच्या तिथे तर काळं वरपर्यंत आलं होतं.

छगन चांगला मिस्तरी. त्यानं रबर बदललं, गळका पाइप बदलला आणि गोधडी आता या गाडीत दिसली तर मी गाडीला हात लावणार नाही असा दम भरला. त्याच वेळी त्यानं हेही सांगून टाकलं की इंजिन जुनं आहे, थोडं येतच राहणार. आधारनं सुलक्षणाताईंना फोन करून पुन्हा यंत्रं लावून घेतली. लाल रेघ खाली आली होती. हिरवीला मात्र ती भेटली नव्हती. रस्त्यावरचे ट्रक छगनच्या हातात नव्हते.

आता सांगायचं काय आणि कुणाला, असा पेच पडला. आधार तसा खोटं बोलणारा माणूस नाही, पण दुसऱ्या दिवशी गल्लीतली एक नवी पोटुशी सून पुढचा दरवाजा उघडायला लागली तेव्हा त्याच्या तोंडातून निघून गेलं की सीटचा पाया ढिला झालाय, आपटेल, मागे बस. एकदा बोललं की तेच पुढे चालवावं लागतं. महिनाभर तो पाया ढिलाच राहिला. पंचाईत अशी की त्याच सीटवर चेअरमन मजेत बसून धुळ्याला जायचा. आधारला वाटायचं की चेअरमनची छातीही छातीच आहे, पण त्याला उठवायचं तर सांगायचं काय? बायकांच्या नजरेतून अशी गोष्ट सुटत नाही. शेजारच्या कुंदाबाईनं त्याला भर फाट्यावर विचारलं.

"सीटना पाया ढिला शे, मंग चेरमन कसा बठस?"

आधार हसला आणि त्यानं चावी फिरवली. मग गावानं आपल्या परीनं अर्थ लावला. आधारची लेक शिल्पा जळगावपुढे नशिराबादला दिलेली, तिला सातवा महिना लागणार होता आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी यायची होती. आपल्या लेकीसाठी सीट राखून ठेवतोय, दुसऱ्यांच्या बायकांनी ती झिजवू नये म्हणून, असं बोललं जाऊ लागलं. आधारच्या कानावर ते आलं. त्याला फार लागलं, तरी पाया ढिला आहे हेच तो सांगत राहिला. झुंबरबाईलाही त्यानं काही सांगितलं नव्हतं. गोधडी खराब झाली म्हणून छगननं टाकून दिली, एवढंच तिला ठाऊक होतं.

तो खरं सांगत नव्हता त्याला कारण कुंदाबाईच होती. कुंदाबाई शेजारची, बचत गटातली झुंबरबाईची जोडीदारीण, आधारला धाकट्या भावासारखी वागवणारी. तिची सून दोन्ही बाळंतपणांच्या वेळी तपासण्यांना आधारच्याच गाडीतून, पुढच्या सीटवर बसून गेली होती. दुसऱ्या वेळी तर दवाखान्याच्या फेऱ्या फार झाल्या. दुसरा नातू दिवस भरायच्या आत जन्मला. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि तिथून घरी आणलं तेही आधारनंच. पोरगं आता अंगणभर पळतं. थंडी पडली की त्याची छाती वाजते. हे सगळं त्या सीटमुळे झालं असं सुलक्षणाताई म्हणाल्या नव्हत्या. झालं नाही असंही म्हणाल्या नव्हत्या. आधार रात्री अंथरुणावर पडला की शेजारच्या घरातून त्या पोराचा खोकला ऐकू यायचा आणि त्याची झोप उडायची. त्याला भीती वाटत होती. गावात मिळालेलं नाव जाईल ही एक, आणि कुंदाबाई विचारेल ही तिच्याहून मोठी.

दुसरीकडे शिल्पाचं निराळंच होतं. लहानपणी ती बापाबरोबर फेऱ्यांना जायची आणि पुढच्या सीटवर बसायची हौस तिला दांडगी. बसते न बसते तोच कुणीतरी पोटुशी बाई यायची आणि बाप तिला मागे पाठवायचा. ती रडायची. मग आधार तिची समजूत काढायचा की तुझीही वेळ येईल, तेव्हा तुला कुणी उठवणार नाही. पोरीनं हे मनात धरून ठेवलं होतं. आणायला येण्याचा दिवस ठरला तेव्हा तिनं फोनवर आईला बाजूला सारून बापाला बोलावून घेतलं.

"नाना, आते मना नंबर लागना. पुढली सीट रिकामी ठेवजो."

आधार बरं म्हणाला.

ठरल्या दिवशी गाडीत झुंबरबाई होती आणि अनुभवी बाई बरोबर हवी म्हणून कुंदाबाई. नशिराबादला जावयाच्या घरी पाहुणचार जोरात झाला. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकर, वर शेवया. जावई प्रशील एका शाळेत क्लार्क, बोलायला मऊ. आधारनं भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला. प्रशीलच्या आईनं दोनदा विचारलं की व्याह्यांची तब्येत बरी नाही का, तेव्हा झुंबरबाईनं परस्पर सांगून टाकलं की लेक घरी येणार म्हणून जीव भरून आलाय. आधारनं तेही चालवून घेतलं.

निघायची वेळ झाली. शिल्पाची ओटी भरली गेली. प्रशीलच्या आईनं आतून दोन उशा आणल्या आणि स्वतःच्या हातानं पुढच्या सीटवर लावल्या, एक पाठीला आणि एक बोनटच्या बाजूला, हात टेकायला. सुनेला माहेरी इतकं जपून नेणारा बाप आहे याचं त्यांना कौतुक होतं आणि शेजारणींना ते ऐकवूनही झालं होतं. शिल्पा हसत पुढच्या दरवाजाशी आली. आधारनं सीटचा पाया ढिला असल्याचं काढलं. प्रशील चटकन वाकला, दोन्ही हातांनी सीट धरून गदागदा हलवून पाहिली आणि म्हणाला की मामा, सीट तर पक्की आहे. कुंदाबाई मागे बसलेली होती. तिनं खिडकीतून मान बाहेर काढली.

आधारनं शिल्पाकडे पाहिलं. मग तो लेकीशी बोलला, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

"शिल्पा, पुढे नको बठू. मांगे बठ, खिडकीजोडे."

"काबर, नाना?" शिल्पाचा चेहरा उतरला. "गावन्या सम्द्या बाया पुढे बठन्यात. मीच काबर मांगे?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूसमोर, शेजारणींसमोर बाप आपल्याला पुन्हा मागे पाठवतोय, एवढंच तिला दिसत होतं. आधारला अजून एक खोटं सुचलं असतं तर त्यानं तेही सांगितलं असतं.

"पुढे धूर येस," तो म्हणाला. "इंजिनना बी, रस्ताना बी. मशीनमा दखाय गयं."

मग त्यानं सगळं सांगितलं. यंत्र, लाल रेघ, गोधडीच्या कडा, करपलेलं रबर, महिनाभर ढिला राहिलेला पाया. अडखळत सांगितलं, पण काही वगळलं नाही. प्रशीलच्या आईनं उशा हळूच उचलून घेतल्या. झुंबरबाई गोधडीचं ऐकून घराच्या पायरीवर बसली, कारण गोधडी तिच्या हातची होती. कुंदाबाई मात्र गाडीतून खाली उतरली आणि आधारच्या समोर येऊन उभी राहिली.

"मंग मनी सूनले पुढे काबर बठाडं, आधार?"

"माले मालूम नव्हतं, अक्का," आधार म्हणाला. "मांगे हादरा बसतस, इतलंच मालूम व्हतं."

कुंदाबाईनं त्याच्याकडे बघितलं. ती भांडली असती तर आधारला सोपं गेलं असतं. ती वळली, गाडीत चढली, शेवटच्या आधीच्या सीटवरची मधली जागा झटकून साफ केली आणि तिनं शिल्पाला आत बोलावून घेतलं. प्रशीलनं उशा मागे नेऊन दिल्या. दुसऱ्या बाजूला, खिडकीशी, झुंबरबाई बसली. खड्डा आला की दोघींनी दोन बाजूंनी पोरीला धरायचं, असं त्यांनी न बोलता ठरवलं. पुढची सीट रिकामी राहिली.

जळगाव गेलं, एरंडोल गेलं. एरवी तासाभरात उरकला असता एवढा रस्ता आधारनं कितीतरी सावकाश कापला. खड्डा लांबून दिसला की ब्रेकवर पाय, ट्रक पुढे आला की अंतर ठेवून मागे राहायचं. मागच्या मोटारी हॉर्न मारून मारून पुढे निघून जात होत्या. काचा उघड्या होत्या. आरशात त्याला शिल्पा झोपलेली दिसत होती, डोकं कुंदाबाईच्या खांद्यावर. कुंदाबाई मात्र जागी होती आणि दर वेळी आरशात बघितलं की तिची नजर त्याच्याच पाठीवर असायची. उद्या फाट्यावर हे सांगावं लागेल, रतिलाल हसेल, बायका एकेक करून आपापले महिने आठवून बघतील, याचा हिशेब त्यानं करून ठेवला होता. त्याची त्याला आता तितकी धास्ती वाटत नव्हती. धास्ती होती ती मागच्या त्या नजरेची. पारोळ्याला चहाला थांबू का, असं त्यानं विचारलं. झुंबरबाईनं झोपलेल्या लेकीकडे बोट दाखवलं, म्हणून तो थांबला नाही.

धुळ्यात शिरताना पारोळा चौफुलीला सिग्नल लागला. ऊन कललं होतं. पुढे खडीचा डंपर, शेजारी लांब ट्रेलर, मागे बस. सगळ्यांची इंजिनं चालू. काळा धूर आधारच्या उघड्या खिडकीतून सरळ आत येत होता. सवयीनं त्याचा हात काच चढवायला गेला आणि मग आतच कोंडून राहतो हे आठवून तिथेच थांबला. शेवटी त्यानं काच उघडीच ठेवली, रुमाल काढून नाकाला लावला आणि मान वळवून शिल्पाच्या बाजूची खिडकी तेवढी लावून घ्यायला सांगितलं. झुंबरबाईनं ती लावली. भुवयांच्या वर त्याला नेहमीचं दाबायला लागलं होतं.

"आधार," कुंदाबाई मागून म्हणाली. नशिराबादपासूनचा तिचा हा पहिला शब्द. "आन तू? तू ते रोज तठेच बठस."

आधारनं आरशात पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग होता की आणखी काही, हे एवढ्या लांबून त्याला कळलं नाही.

"गाडी मांगे बठीसन चालत नही, अक्का."

कुंदाबाईनं अर्धवट उठून पाण्याची बाटली पुढे केली. ती रिकाम्या सीटवरून हात लांब करून आधारनं घेतली. तेवढ्यात सिग्नल सुटला, डंपरनं धूर सोडला आणि आधारनं पहिला गिअर टाकला.